विकर्ण, अळणी भाजी आणि आठवीचा शनिवारचा तास

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठवीचा वर्ग आहे. मुलं एकमेकांना नावं ठेवतात, चिडवतात, चाचणीत कॉपी करतात आणि विचारलं की तोंडावर खोटं बोलतात. मुख्याध्यापकांनी शनिवारचा शेवटचा तास ‘अभिजात साहित्यातून संस्कार’ यासाठी दिलाय. तुम्ही बोधकथा सांगून पाहिल्यात. मुलं तात्पर्य घडाघडा म्हणतात आणि घंटा झाली की पुन्हा तेच. मग वाचावं काय, वाचावं कसं, आणि यानं वागणं खरंच बदलतं का?

शेवटचा प्रश्न आधी घेते. बदलतं, पण सावकाश, आणि ज्या मुलावर डोळा ठेवून आपण वाचतो त्याचंच बदलेल याची खात्री नाही. कॉपीचा निम्मा इलाज तर गोष्टीत नाहीच. ज्याला पाचवीपासून अपूर्णांक कळलेले नाहीत, तो बीजगणिताच्या पेपरला शेजाऱ्याच्या वहीत बघणारच. त्याला हरिश्चंद्र सांगून काय होणार? त्याला अपूर्णांक शिकवायला हवेत. बाकांमध्ये अंतर ठेवा, प्रश्नपत्रिकेचे दोन संच काढा, वर्गाचे नियम फळ्याशेजारी लावा आणि ते पाळून घ्या. हे काम वेगळं आहे, ते शनिवारच्या तासावर ढकलू नका. साहित्याकडून दुसरं एक काम होतं. तेराचौदा वर्षांचं पोरगं स्वतःच्या वागण्याबद्दल चार वाक्यं बोलत नाही, खाली मान घालून उभं राहतं. तेच पोरगं कर्ण बरोबर की चूक यावर तासभर भांडतं. भांडता भांडता ते स्वतःबद्दलच बोलत असतं, फक्त नाव दुसऱ्याचं असतं. मला या तासाकडून एवढंच हवं असतं, आणि ते मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. गोष्ट पुरेशी अवघड हवी, आणि निकाल आपण द्यायचा नाही.

तुमच्या बोधकथा वाया गेल्या यात नवल नाही. २०१४ साली टोरांटो विद्यापीठाच्या कांग ली यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना ‘मागे वळून खेळणं बघायचं नाही’ असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर जाई. बरीच मुलं बघत. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवायची आणि नंतर विचारायचं, ‘बघितलंस का?’ ‘लांडगा आला रे आला’ आणि पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. छोट्या वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी त्याच्या खरेपणाचं कौतुक केलं, ही गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त संख्येनं खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोटं बोलल्याचे वाईट परिणाम दाखवले, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला. २०१८ मध्ये तिथल्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: माणसांची पात्रं असलेली गोष्ट ऐकल्यावर लहान मुलं आपल्याजवळचं जास्त वाटून घेतात, तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची केली की तसं होत नाही. ही मुलं तुमच्या वर्गाहून बरीच लहान, तेव्हा हे जसंच्या तसं आठवीला लावू नका. पण धाक घालणारी गोष्ट आणि कोल्ह्या-सशाची गोष्ट, या आपल्या परिपाठातल्या दोन हुकमी वस्तू वाटतात तितक्या कामाच्या नाहीत, हे माझ्या अनुभवाशीही जुळतं. शिवाय ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य मुलांच्या दृष्टीनं एका मार्काचं उत्तर आहे. ते दिलं की प्रश्न सुटला, विषय संपला.

पंचतंत्राबद्दल इथेच सांगून टाकते, कारण शाळेच्या कपाटात ते हमखास असतं. ते सद्गुणांचं पुस्तक आहे हा समज काढून टाका. विष्णुशर्मा राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणं करायचं कबूल करतो ते राज्य चालवण्यासाठी. पहिल्या तंत्रात दमनक कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात भांडण लावतो, बैल मरतो आणि दमनकाचं काहीही वाकडं होत नाही. आठवीला वाचायचं असेल तर हेच वाचा, आणि दमनक नक्की कोणती वाक्यं बोलतो तेवढीच मुलांना शोधायला लावा. सिंहाला काय सांगतो, बैलाला काय सांगतो, कोणत्या क्रमानं सांगतो. चहाडी कशी चालते हे मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही रांगांना चांगलं ठाऊक असतं. ते कागदावर मांडलेलं बघून हसतात, मग जरा गप्प होतात.

आता तुमच्या वर्गाच्या मुख्य दुखण्याकडे येते, चिडवण्याकडे. त्यासाठी मी महाभारतातले दोन प्रसंग दोन लागोपाठच्या शनिवारी वाचते.

पहिला आदिपर्वातला. राजपुत्रांच्या अस्त्रविद्येचं प्रदर्शन चाललंय, कर्ण येतो, अर्जुनाला आव्हान देतो. त्याचं कुळ विचारलं जातं, दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचं राज्य देतो. इतक्यात कर्णाचा बाप, म्हातारा सारथी अधिरथ, काठी टेकत, घामाघूम, थरथरत रंगभूमीवर येतो. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्यानं भिजलेलं डोकं बापाच्या पायाशी वाकवतो. इथवर वर्ग अगदी स्तब्ध असतो. पुढच्याच ओळीत भीम हसतो आणि म्हणतो, अर्जुनाच्या हातून मरण्याचीही तुझी लायकी नाही, तू आपला कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे. मी तिथे पुस्तक मिटते. भीम हा मुलांचा लाडका. लाडक्या माणसानं कुणाच्या तरी बापाच्या धंद्यावरून टोमणा मारलाय, हे पचायला वर्गाला वेळ लागतो. ‘भीमाला त्या वेळी काय वाटलं असेल?’ एवढाच प्रश्न विचारते. कर्णाला काय वाटलं हे विचारू नका, ते सगळ्यांना येतं. भीमाचं उत्तर शोधताना मुलं म्हणतात, ‘त्याला वाटलं सगळे हसतील.’ ‘अर्जुन हरेल म्हणून भ्यायला असेल.’ चिडवणारा घाबरलेला असू शकतो, हे त्यांचं त्यांनी काढलेलं असतं.

दुसरा प्रसंग सभापर्वातला, द्यूतानंतरचा. वर्गात मुलंमुली एकत्र बसलेली आहेत हे ध्यानात ठेवा. वस्त्रहरणाचं वर्णन वाचायची काही गरज नाही. त्याच्या आधी सभेत कोण काय बोललं तेवढंच घ्या. द्रौपदी विचारते, स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? भीष्म म्हणतो, धर्म सूक्ष्म आहे. द्रोण गप्प. आणि मग उठतो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. मालिका बघून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना हे नाव माहीत नसतं. तो म्हणतो, जुगाराच्या नादात केलेली गोष्ट खरी धरायची नसते. ती पाचांची पत्नी. युधिष्ठिर स्वतः आधी हरला होता. तेव्हा ती जिंकली गेलेली नाही. सभा मोठ्यानं त्याला वाहवा देते आणि शकुनीची निंदा करते. लगेच कर्ण संतापून उठतो: तू पोरगा आहेस, वयाला न शोभणारं मोठ्यांचं बोलणं बोलतोस. तोच कर्ण, ज्याला मागच्या शनिवारी चाबूक घ्यायला सांगितलं होतं. आणि त्यानंतर द्रौपदीबद्दल तो जे बोलतो ते भीमाच्या टोमण्याच्या कितीतरी पुढचं आहे.

इथे दोन वाद हमखास होतात. पहिला: ‘मॅडम, पण आधी तिनंच चिडवलं होतं ना? आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणाली होती.’ आणि पाठोपाठ, ‘स्वयंवरात त्याला सूतपुत्र म्हणाली होती.’ हा वर्गातला रोजचा बचाव आहे, फक्त महाभारताच्या वेषात आलेला. मी त्यांना सरळ माहिती देते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचं वाक्य त्यात नाही, आणि ‘मी सूताला वरणार नाही’ हेही या आवृत्तीच्या मूळ संहितेत घेतलेलं नाही. दुर्योधन पाण्यात पडल्यावर हसणारे प्रामुख्यानं भीम आणि त्याचे भाऊ. द्रौपदीही बायकांसोबत हसली, हे घरी गेल्यावर दुर्योधन सांगतो. मग प्रश्न टाकते: ‘हे वाक्य पुढे कुणाला घालावंसं वाटलं असेल, आणि का?’ हा प्रश्न आठवीला जड जाईल असं वाटतं, पण जात नाही. ‘तिचीच चूक होती असं दाखवलं की बरं पडतं,’ असं उत्तर मला एका शांत, कधी हात वर न करणाऱ्या मुलाकडून मिळालेलं आहे.

दुसरा वाद वाहवेचा. ‘सगळे वा वा म्हणाले, मग कुणी उठलं का नाही?’ एकीनं विचारलं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘वा वा करायला काय पैसे पडतात?’ वर्ग हसला. सर, अशा वेळी आपली जीभ फार शिवशिवते. ‘बघा, तुम्हीही मधल्या सुट्टीत असंच करता’ हे वाक्य ओठांवर येतं. ते गिळा. तुम्ही ते म्हणालात की महाभारत संपलं आणि नेहमीचं रागावणं सुरू झालं. मुलं लगेच ओळखतात. मी फक्त विचारते, विकर्णाच्या बोलण्याचा काही उपयोग झाला का? निम्मे म्हणतात नाही, निम्मे म्हणतात झाला, निदान एकजण तरी बोलला. आणि पुढे युद्धात विकर्णाचं काय झालं हे कुणीतरी विचारतंच. भीमाच्याच हातून मेला, हे मी सांगते, आणि त्याला मारल्यावर भीम हळहळला हेही. चांगलं वागला म्हणून वाचला नाही. आठवीतली मुलं हे ऐकायला तयार असतात, आपणच उगाच घाबरतो. ‘चांगलं वागा, चांगलं होईल’ हे खोटं आहे हे त्यांना घरी-दारी दिसत असतंच, आणि आपण तेच सांगत राहिलो की आपल्यावरचा त्यांचा विश्वास तेवढा कमी होतो.

खोटं बोलण्यासाठी द्रोणपर्व. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारलेला आहे. द्रोणाचा विश्वास फक्त युधिष्ठिरावर, म्हणून तो त्यालाच विचारतो. युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मेला’ मोठ्यानं म्हणतो आणि ‘हत्ती’ पुटपुटतो. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. प्रश्न: शब्द तर खरेच होते, मग रथ का टेकला? ‘मी कॉपी नाही केली, त्यानं दाखवली’ म्हणणाऱ्या वर्गाला हा प्रश्न बरोबर जागी लागतो. पण द्रोण हटला नसता तर पांडव हरले असते, हीही बाजू कुणाला तरी मांडायला लावा. ‘युधिष्ठिर चुकला’ असं एकमतानं ठरलं तर समजा की तास फसला. मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतायत.

आता ‘श्यामची आई’. संस्कार म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव तेच येतं, आणि तेच सगळ्यात वाईट पद्धतीनं वाचलं जातं, डोळ्यांत पाणी काढायला. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये पुस्तक निघालं, बेचाळीस रात्री, म्हणजे बेचाळीस प्रकरणं. त्या सगळ्या रात्री वाचू नका. मी ‘अळणी भाजी’पासून सुरुवात करते. भाजीत मीठ घालायला आई विसरली. वडील एक शब्द न बोलता जेवले, उलट भाजी छान म्हणाले. मुलं त्यांच्याकडे बघून गप्प राहिली. मागून आई जेवायला बसली तेव्हा तिला कळलं आणि तिला फार वाईट वाटलं. यातली खुबी अशी की खुद्द गुरुजीच तिथे प्रश्न विचारतात: यात थोर कोण, न बोलणारे वडील की हळहळणारी आई? आपण बहुतेकजण संयमाचा धडा घेऊन थांबतो आणि काम नीट व्हायला हवं होतं ही आईची खंत सोडून देतो. वर्गात दोन्ही बाजू मांडू द्या. तिसरी बाजू मुलंच काढतात: ‘सांगायला काय हरकत होती? मीठ वरून घेता आलं असतं.’ हेही खरंच आहे. आणि एखादं पोर पटकन बोलून जातं, ‘आमचे पप्पा ताट भिरकावतात.’ इथे सांभाळा. पुढे काही विचारू नका, वर्गाला बोलू देऊ नका, वाचन पुढे न्या, आणि नंतर त्या मुलाशी एकट्यानं, दुसऱ्याच कुठल्या कामाच्या निमित्तानं बोला. अशा तासाला घरं उघडी पडतात, याची तयारी ठेवूनच वर्गात जायचं.

पुस्तकाच्या वयाची अडचण झाकू नका. ‘श्यामचे पोहणे’मध्ये आई भित्र्या श्यामला मारत विहिरीवर पाठवते. मुलं विचारतात, हे चालतं का? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, हे त्यांना पाठ असतं. ‘तेव्हा चालत होतं’ म्हणून बाजूला सारण्यापेक्षा, मारल्याशिवाय ही आई काय करू शकली असती, हे लिहायला द्या. ‘देवाला सारी प्रिय’ तर मी मुद्दाम वाचते. म्हाताऱ्या दलित बाईच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते, लोक काय म्हणतील याची पर्वा करत नाही. पण परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. आंघोळीचा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. आईची बाजू घेऊन सारवासारव करू नका. एवढंच सांगा की हे लिहिणाऱ्या माणसानं मे १९४७ मध्ये पंढरपूरला विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. आई जिथवर पोचली त्याच्या पुढे मुलगा गेला. आपल्या आवडत्या माणसाच्याही पुढे जाता येतं, आणि त्यानं त्याचा अपमान होत नाही, हे आठवीच्या वयात फार महत्त्वाचं वाटतं मुलांना. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या झाडून ठेवत, कपडे धुऊन ठेवत, तेही सांगा. पण वर्गातला कचरा तुम्ही स्वतः उचलत असाल तरच.

मनाचे श्लोक पाठांतराला ठीक आहेत, पण एकदा तरी ‘जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे’ या ओळीवर थांबा. १८४८ नंतर पुण्यात शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोकांनी शेण-माती फेकली. तेव्हा लोकांच्या लेखी निंद्य काय होतं? वर्गाला दहा मिनिटं पुरतं एवढं. त्यासाठी समर्थांवर टीका करायची गरज नाही. श्लोक कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे शोधणं हाच अभ्यास.

वर्गात वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतली मुलं असतील. महाभारत देवाचं पुस्तक म्हणून नव्हे तर व्यासांची कलाकृती म्हणून वाचलं तर मला आजवर कुणा पालकाची अडचण आलेली नाही. तरीही प्रेमचंदांची ‘ईदगाह’ यादीत ठेवाच. हमीदकडे तीन पैसे आणि आजीसाठी घेतलेला चिमटा. मुलांना ती आवडते. माझा एकच आक्षेप आहे: ती वाचून मुलं ‘हमीद किती चांगला’ म्हणून मोकळी होतात. त्यांना विचारा, खेळणी घेणारे बाकीचे मित्र वाईट होते का?

पद्धतीबद्दल थोडं. मोठ्यानं वाचा, पंधरा मिनिटांच्या वर नको, आणि जिथे माणसाला ठरवायचं आहे तिथे थांबा, ठरवून झाल्यावर नव्हे. उतारा आधी घरी वाचून बघा. अडणारे जुने शब्द फळ्यावर लिहून ठेवा. मतं हात वर करून मागण्यापेक्षा वर्गाच्या दोन भिंतींशी उभं राहायला सांगा, आणि चर्चेत मत बदललं तर भिंत बदलायची मुभा द्या. भिंत बदलणाऱ्याला हसू द्यायचं नाही हा एकच नियम. वहीत पाच ओळी लिहून घ्या, पण त्याला गुण देऊ नका, शेरे मारू नका. शिक्षा म्हणून गोष्ट किंवा श्लोक कधीही लिहायला देऊ नका. आणि शुक्रवारी जे भांडण झालं त्यावर बेतलेली गोष्ट शनिवारी वाचू नका. ज्याच्यासाठी वाचताय त्याला पहिल्या वाक्यालाच कळतं, आणि उरलेल्या चाळीस जणांना दुसऱ्या वाक्याला. उतारे जूनमध्येच ठरवा, क्रम मोडू नका.

राहिला मुख्याध्यापकांना द्यायचा उपक्रमाचा अहवाल. त्यात ‘विद्यार्थ्यांमध्ये मूल्यांची रुजवणूक झाली’ असं लिहायचा मोह होईल, नमुनाही तसाच असतो. त्याऐवजी तीन रकाने करा: कोणता उतारा, मुलांनी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि किती जणांनी मत बदललं. फोटो लागतोच, तो दोन भिंतींशी उभ्या राहिलेल्या वर्गाचा काढा. दिवाळीपर्यंतचे रकाने भरले की मुख्याध्यापकांना एखाद्या शनिवारी मागच्या बाकावर बसायला बोलवा. शक्यतो द्रोणपर्वाच्या दिवशी, कारण त्या वादात मोठी माणसंही गप्प बसू शकत नाहीत.